ढवळीला लागलेली जळू

मोटारीच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझ्याइतका जाणकार माणूस दुसरा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. (गल्लीत मोटारी तीनच. बाकी दोघांच्या मोटारी किल्ली फिरवली की सुरू होतात, त्यामुळे बिचाऱ्यांना जाणकार व्हायची संधीच मिळाली नाही.)

शिक्षण म्हणाल तर मी सातवी पास. आठवीत मी गेलो होतो, पण आठवी काही माझ्यात आली नाही, म्हणून आम्ही दोघांनी समजुतीने फारकत घेतली. पुढे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये अडतीस वर्षं नट-बोल्ट मोजून दिले, दुसऱ्यांच्या यंत्रांचे. त्या अडतीस वर्षांत स्वतःसाठी म्हणून घेतलेलं एकच यंत्र, ते म्हणजे आमची ढवळी. पांढरी मोटार, वय वर्षं तेवीस. आता तिला पांढरी म्हणायचं ते जुन्या ओळखीवर. माझ्या केसांना अजून काही लोक काळे म्हणतात, तसंच.

ढवळीचा आजार असा, की रोज फिरवली तर गुणाची. पण दोन रात्री जागेवर उभी राहिली की तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवावी आणि आतून नुसतं ‘कट् कट् कट्’. थंडीत दातावर दात आपटत बसलेल्या माणसासारखं. गेल्या वर्षी मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाहून परत आलो, तेव्हापासूनची ही तऱ्हा. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. धक्का मारायला शेजारीपाजारी सुरुवातीला हौसेने यायचे. मग सकाळी मी फाटकाशी आलो रे आलो, की पटापट खिडक्या लागायला लागल्या. एक जण तर मला बघून लंगडायला लागायचा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पायाने लंगडायचा, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

आता या गोष्टीतला वैरी सांगतो. वैरी म्हणजे माझा मेहुणा. रिटायर्ड हेडमास्तर. ताठ कणा, कडक इस्त्री, आणि बोलणं असं की वाक्य संपल्यावर पूर्णविराम ऐकू येतो. अशा माणसाला माझी बायको, त्याची थोरली बहीण म्हणून, अजून ‘बाळ’ म्हणते. चौसष्ट वर्षांचं बाळ! मी त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणतो आणि ते मला ‘भाऊजी’ म्हणतात, पण तो शब्द ते असा उच्चारतात की मला उगीचच बाकावर उभं राहावंसं वाटतं.

हेडमास्तरांचं आणि ढवळीचं गेल्या बारा वर्षांपासून वाकडं. कारण विचारलं की एवढंच म्हणायचे, “तुमच्या गाडीत बसलं की माझी प्रकृती बिघडते.” अगदीच नाइलाज असला तर बसायचे, तेही दार घट्ट धरून, परीक्षेला बसल्यासारखे. बाकी त्यांचा पथ्यपाण्याचा कारभार मोठा. सकाळी कोमट पाणी, मग पोटाचे व्यायाम, आणि तळलेल्या पदार्थाकडे नुसतं बघायचं, तेही लांबून. बारा वर्षं झाली, आमच्याकडे आले की बायको त्यांच्यासाठी वेगळं शिजवते आणि मी त्यांच्यासमोर बसून काहीतरी कुरकुरीत, मोठ्ठा आवाज करत खातो.

तर बुधवारी संध्याकाळी हेडमास्तर आले आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, “भाऊजी, गाडीची व्यवस्था केली आहे.”

“कसली व्यवस्था?”

“भंगारवाल्याशी बोललो. रविवारी सकाळी आठ वाजता टेम्पो घेऊन येतोय.”

“माझ्या गाडीचा सौदा तुम्ही करणार?”

“ताईने सांगितलं.”

मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे उशीला अभ्रा चढवत होती. म्हणाली, “माझे गुडघे विचारतात, अजून किती धक्के? मागच्या आठवड्यात भर चौकात मी धक्का मारतेय आणि तुम्ही आत बसून हात हलवताय.”

“मी सिग्नल देत होतो!”

“मागच्या बसवाल्याने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.”

मग बरीच बोलाचाली झाली. त्यात मी एकदा जेवण सोडायची धमकी दिली. (भूक लागल्यामुळे ती लगेच मागे घेतली.) शेवटी बायकोने निकाल दिला. तिचा निकाल म्हणजे वरचं कोर्ट, त्याच्यावर अपील नाही. “शुक्रवारी संध्याकाळपासून गाडीला हात लावायचा नाही. दोन रात्री जागेवर उभी. रविवारी आठ वाजता किल्ली एकदाच फिरवायची. सुरू झाली तर राहील. नाही झाली तर टेम्पोत. धक्का नाही, शेजारी नाहीत, चोरून चार्जिंग नाही.”

“चोरून चार्जिंग मी कशाला करेन?”

“चार्जरची वायर मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय,” ती म्हणाली.

बघा आता. ढवळी गेली तर पुढचं आयुष्य मला हेडमास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून काढायचं होतं. वेग पंचवीस, वळताना हात बाहेर, आणि वाटेतल्या प्रत्येक पाटीवरच्या चुका मोठ्याने वाचून दाखवणार. त्यापेक्षा मीच टेम्पोत बसलेला काय वाईट! ते राहू द्या. खरं सांगायचं तर आमच्या पोरीला मी याच गाडीत चालवायला शिकवलं, आणि फाटकाचा खांब तिने कुठे पाडला ते अजून दाखवता येतं. अशी गाडी कुणी किलोवर विकतं का?

गुरुवारी सकाळी मी करंटला गाठलं. करंट म्हणजे नाक्यावरचा मोटारींचा इलेक्ट्रिशियन. पोरवयात दोन वायरी जिभेला लावून बॅटरी भरलीय की नाही सांगायचा, म्हणून हे नाव. त्याने बॅटरी नेली, चार्ज केली, तपासली, संध्याकाळी परत आणून बसवली आणि म्हणाला, “काका, बॅटरी ठणठणीत आहे. गाडी बंद असताना आत कुणीतरी वीज पितंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे जळू. थेंब थेंब पीत बसते, पत्ता लागू देत नाही. डिकीचा लाइट म्हणा, रेडिओ म्हणा, एखादी सोललेली वायर म्हणा. उद्या दुपारी येऊन शोधून देतो.”

जळू! चोर! आणि तोही घरातलाच! माझ्या अंगात असं काही वारं शिरलं म्हणता! अडतीस वर्षं स्टोअरमधून एक वॉशर इकडचा तिकडे झाला तर मी हुंगून चोर काढायचो. (बहुतेक वेळा तो वॉशर माझ्याच खिशात निघायचा, पण निघायचा.) उद्या दुपारपर्यंत कोण थांबतंय?

शुक्रवारी सकाळी चहा अर्धा टाकून मी डिकी उघडली. आतला छोटा दिवा पेटला. मी डिकी लावली. आता दिवा विझला की नाही? बाहेरून कळायला मार्ग नाही. फट नाही, भोक नाही. डिकी थोडी उघडून डोकावलं तर दिवा पेटलेला, कारण डिकी उघडलेली! मी चार वेळा चटकन उघडून बघितलं. माझ्यापेक्षा तो दिवा चपळ निघाला.

मग मला ती कल्पना सुचली. ज्या कल्पनेने पुढे एवढं रामायण झालं, ती सुचली तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता, हे नोंदवून ठेवतो.

“अगं ए! जरा बाहेर ये!”

बायको भाजीची टोपली घेऊनच बाहेर आली. मी स्टेपनीवर पाय दुमडून, आईच्या पोटातल्या पोरासारखा डिकीत पडलो होतो.

“हे काय?”

“डिकी लाव. दिवा विझतो का बघतो.”

“आणि मग?”

“मग उघड. साधी गोष्ट आहे. तुला सायन्समधलं काही कळत नाही.”

“लावू? नक्की?”

“लाव म्हणतो ना!”

धाड्! काळोख! काळोख म्हणजे डोळे उघडे की मिटलेले ते हाताने चाचपावं लागेल असा. मी आनंदाने ओरडलो, “विझला! विझला! चोर हा नाही! उघड आता!”

“किल्ली?” बाहेरून आवाज आला.

किल्ली माझ्या लेंग्याच्या खिशात होती.

डिकी आतून उघडायची दोरी ड्रायव्हरच्या सीटपाशी असते, ती आमच्याकडे मोटार बारा-तेरा वर्षांची असतानाच तुटली. दुसरी किल्ली सात वर्षांपूर्वी हरवली. (ती मला आत्ता सापडली, स्टेपनीच्या खळग्यात. पाठीत टोचत होती.) आता माझ्याकडे दोन किल्ल्या होत्या आणि दोन्ही आत.

“अगं, काहीतरी कर!”

बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग शेंगा मोडल्याचा, टक्, टक्. बाईने बसकण मारली होती!

“अहो, एक विचारू? बेचाळीस वर्षांत तुम्ही एका जागी बसून माझं बोलणं ऐकून घेताय, हे पहिल्यांदाच होतंय.”

“मी बसलेलो नाही, मला पेटका आलाय!”

“माझी मावशी राहायला आली होती, तेव्हा साखरेच्या डब्यात मीठ कुणी भरलं?”

“कुठली गोष्ट कुठे काढतेस!”

टक्, टक्.

“मी! मी भरलं! उघड!”

“आणि बाळ पहिल्यांदा मुक्कामाला आला, तेव्हा घड्याळ दीड तास पुढे कुणी केलं? बिचारा रात्री साडेतीनला उठून स्टँडवर जाऊन बसला.”

“मीच. वेळेची शिस्त पाहायची होती त्याची.”

“शाळेच्या फाटकावर ‘हेडमास्तरांच्या घरी शिकवणी फुकट, नाश्त्यासह’ अशी पाटी?”

“ती मी नाही.” टक्. “बरं, मी! पण अक्षर पानवाल्याचं होतं!”

“अजून?”

“संपलं. शपथेवर संपलं.”

“गाडीत काही करून ठेवलं नाहीत ना?”

“गाडीत कशाला करीन? गाडी माझी स्वतःची आहे!” मी खरोखरच दुखावलो. आणि वाचकहो, त्या क्षणी मी खरं बोलत होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं.

एवढ्यात हातांना स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच लागलं. पाणी साचू नये म्हणून खाली भोक असतं, त्याचं. जीव एकवटून मी ते अंगठ्याने खाली ढकललं. उजेडाचा एक रुपया आत आला! मी किल्ली त्यातून खाली सोडली. खण्!

आता ती गाडीच्या पोटाखाली, अगदी मधोमध. बायकोचे गुडघे वाकत नाहीत. आणि नेमकं तेवढ्यात फाटक वाजलं.

“ताई, कुणाशी बोलतेस?” हेडमास्तर!

“ह्यांच्याशी.”

“कुठे आहेत ते?”

“डिकीत.”

मग पूर्णविरामासकट प्रश्न आला. “का.”

हेडमास्तरांनी केरसुणीच्या दांड्याने किल्ली ओढून काढली, रुमालाने पुसली आणि डिकी उघडली. मी बाहेर आलो तो काटकोनातच. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “टेम्पोवाल्याला सांगतो, सामान तयार आहे.”

दुपारी करंट आला, खांद्याला पिशवी लावून. हेडमास्तर जेवायला थांबले होते. त्यांना बघून तो पिशवीसकट ताठ झाला. त्यांच्याच शाळेत होता ना!

“सर, मी. आठवी ब. मला तुम्ही आठवडाभर दाराबाहेर उभं केलं होतं.”

“आठवतं. घंटेच्या बटणात काडी घातली होती,” हेडमास्तर म्हणाले. “पण गुन्हा कबूल केलास. तेवढ्यासाठी पास केलं होतं.”

करंटने बॉनेट उघडलं आणि पिशवीतून एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी लोंबत होत्या. तो म्हणाला, “हे बघा काका. बॅटरीचं एक टोक सोडवलं. ते टोक आणि बॅटरी यांच्या मध्ये हा बल्ब. गाडीत सगळं बंद आहे. म्हणजे बल्ब पेटायला नको.”

त्याने वायरी लावल्या. बल्ब पेटला! फार नाही, मिणमिणता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा लाल. पण पेटला!

“सापडला!” मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या तीन खिडक्या सवयीने लागल्या.

“अजून नाही सापडला. आहे एवढं कळलं. आता एकेक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या गल्लीत.”

मी फ्यूज काढायचा, तो बल्ब बघायचा. रेडिओचा काढला. “पेटलाय!” वायपरचा काढला. “पेटलाय!” हॉर्नचा, दिव्यांचा, पंख्याचा. “पेटलाय! पेटलाय! पेटलाय!” बायको ओटा अर्धा सोडून पदराला हात पुशीत येऊन उभी राहिली. हेडमास्तरसुद्धा नकळत दोन पावलं पुढे आले. अशी मजा मी कारखान्याच्या संपातही अनुभवली नव्हती. शेवटचा फ्यूज उरला. मी डोळे मिटले, ओढला.

“पेटलाय,” करंट म्हणाला आणि त्याने डोकं खाजवलं.

सगळे फ्यूज माझ्या मुठीत, आणि बल्ब आपला खुशाल लाल!

“काका, ही जळू कंपनीने दिलेली नाही. कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर ओढलीय. मधे फ्यूजच नाही. गाडी जळून खाक झाली असती! कुणी केलं असेल हे काम?”

“कुणी अडाणी असणार!” मी म्हणालो.

“अडाणी? अहो, महामूर्ख!”

“उलटा टांगायला पाहिजे असल्या माणसाला! माझ्या गाडीत? मागे एका गॅरेजवाल्याने हात घातला होता, त्याचंच काम!” मी बोलण्यात असा रंगलो की हेडमास्तरसुद्धा मान डोलावू लागले. बारा वर्षांत पहिल्यांदाच आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत होत होतं.

करंटने बॅटरीच्या बुडाशी बोट घातलं आणि एक वायर उचलून दाखवली. लाल आणि हिरवी, पीळ घातलेली.

मी मुठीतले फ्यूज आणखी घट्ट धरले.

ती वायर मी ओळखत होतो. आमच्या जुन्या दारावरच्या घंटीची होती ती. आणि एका क्षणात, वर्षभर बंद असलेला माळा उघडावा तसं मला सगळं आठवलं.

“राहू दे रे करंट,” मी म्हणालो. “ऊन फार झालंय. आपण रेडिओ बघू. मला रेडिओचा संशय आहे.”

“रेडिओचा फ्यूज तुमच्या हातात आहे काका.”

“मग चहा घेऊ.”

“आत्ताच घेतला.”

तो कुत्र्याने माग काढावा तसा निघाला. वायर इंजिनामागच्या रबरी भोकातून आत गेली, चटईखालून सरकली. तिथे तिला दोन फाटे फुटले. एक फाटा स्टिअरिंगच्या खाली, एका छोट्या बटणापाशी. ते बटण आत दबलेलं होतं, आणि वर यायचं विसरलं होतं. दुसरा फाटा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली. करंटने सीटखाली हात घातला, ओढाताण केली आणि एक निळा डबा बाहेर काढला. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलेला.

“ही तर माझी साबणदाणी!” बायको ओरडली. “बारा वर्षं शोधतेय! मी बाळवर संशय घेतला होता, मुक्कामाला होता म्हणून!”

“कुणी टाकली असेल बरं इथे?” मी म्हणालो. माझा आवाज मलाच उंदरासारखा वाटला.

करंटने डबा उघडला. “घंटी आहे काका. आतले पत्रे चिकटलेत. म्हणून वाजत नाही, पण वीज पितेय. वर्षभर तरी. बघू, बोलते का.” आणि मी “नको!” म्हणायच्या आत त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर टिचकी मारली.

“प्र्र्र्रऽऽट!”

त्या आवाजाचं वर्णन मी घरंदाज वाचकांसमोर करत नाही. जड जेवण झाल्यावर चारचौघांत आपल्याकडून जो आवाज होऊ नये म्हणून माणूस श्वास रोखून बसतो, तो आवाज. घंटीच्या हातोडीला फुग्याचं रबर लावून, आठ दिवस खपून, मी तो अगदी हुबेहूब बसवला होता. हेडमास्तर शेजारी बसले, गाडीत चार माणसं असली, की मी हळूच बटण दाबायचो आणि माझ्या बाजूची काच सभ्यपणे खाली करायचो. बोलायचो एक अक्षर नाही. सगळी गंमत न बोलण्यात होती.

हेडमास्तर त्या डब्याकडे बघत होते. बारा वर्षांच्या ओळखीचा माणूस अचानक दुसऱ्याच कपड्यांत दिसावा तसे.

“भाऊजी.”

“बोला.”

“बारा वर्षं मी तळलेलं खाल्लं नाही.”

मी चटईकडे पाहिलं.

“तीन डॉक्टर केले. तिसऱ्याने सांगितलं, मनात भीती आहे. मला वाटलं, त्याला काही कळत नाही.” त्यांनी सीटकडे बोट दाखवलं. “लेकीच्या लग्नाला याच सीटवर बसून गेलो. मागे व्याही होते. आदल्या दिवसापासून पोटात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं मी. त्या दिवशी... दाबलं होतंत?”

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण करंटला कबुलीवर पास केलेला माणूस समोर होता.

“दाबलं होतं. चार वेळा. वाजलंच नाही. डबा संपला असं वाटलं आणि विसरून गेलो.”

“ते बटण तेव्हापासून दबलेलंच आहे,” करंट बॉनेटमागून म्हणाला. बॉनेट हलत होतं. तो पोट धरून हसत होता.

“आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, व्यायामाने गुण आला,” हेडमास्तर म्हणाले.

मला वाटलं, आता कानाखाली बसतेय. बायकोने तोंडाला पदर लावला होता, रागाने की कशाने ते कळेना. पण हेडमास्तर तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “ताई, गाडी निर्दोष आहे. मी आयुष्यात चुकीच्या मुलाला शिक्षा केलेली नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सावकाश, पाढा चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं. “रविवारची अट मात्र कायम.”

“तुम्ही आधी अंघोळीला जा,” बायको मला म्हणाली. “डिकीतलं वंगण कानापर्यंत गेलंय. आणि चांगली अर्धा तास करा.”

मी गेलो. बाहेर आलो तर करंट हात पुशीत निघाला होता. “वायरिंग पक्कं केलं काका. आता सगळं फ्यूजमधून, एकदम कायदेशीर.” हेडमास्तर त्याला स्वतःच्या हाताने चहा देत होते. आठवी ब ला! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी आनंदात होतो, आणि आनंदात असलो की माझं डोकं सातवीच्याही खाली जातं.

शुक्रवारची रात्र, शनिवार, शनिवारची रात्र. मी खिडकीतून ढवळीकडे बघत होतो, पोरगी परीक्षेला बसलेली असताना बघत होतो तसा.

रविवारी पावणेआठलाच टेम्पो आला. भंगारवाल्याने ढवळीला एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि मनातल्या मनात तिचे तुकडे करायला घेतले. खिडक्या उघडल्या. गल्लीतले सगळे जण बाहेर आले, लंगडा शेजारीसुद्धा, धक्का नाही कळल्यावर दोन्ही पायांनी. आठचे ठोके पडले. मी आत बसलो. किल्ली भोकात जायला तीन खेपा लागल्या. फिरवली.

ढवळीने ‘कट्’ म्हटलं नाही. ‘घुर्र्र’ म्हटलं! पहिल्याच फटक्यात! तरण्या पोरीसारखी गरजली आणि मागून टेम्पोवर धुराचा एक ढग सोडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी खाली उतरून नाचलो. (दोन उड्या. तिसरीला कंबर नाही म्हणाली.) भंगारवाला तोंड पाडून म्हणाला, “पुढच्या वर्षी येतो.”

“भाऊजी,” हेडमास्तर पुढे आले. आवाजात मध. “एक फेरी मी चालवू? बारा वर्षांत या गाडीत मोकळ्या मनाने बसलो नाही.”

मी विरघळलो. म्हटलं, माणूस मनाचा मोठा निघाला. ते ड्रायव्हरच्या जागी बसले, मी शेजारी, बायको मागे. निघण्याआधी मी काच खाली केली, बाहेर डोकं काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं भाषण सुरू केलं, “मंडळी! शिक्षण महत्त्वाचं नाही! लागतं ते डोकं! या गाडीतला चोर मी...”

“प्र्र्र्रऽऽट!”

माझ्या सीटखालून! भंगारवाला दोन पावलं मागे सरला आणि त्याने नाकाला उपरणं लावलं. समोरच्या तीन खिडक्या पटापट बंद झाल्या.

“मी नाही! अहो, मी नाही! डबा आहे! खाली डबा आहे, ह्यांनी बटण...”

“प्र्र्र्रऽऽट!”

हेडमास्तर सरळ समोर बघत होते, वर्ग शांत झाल्यावर बघतात तसे. आणि त्यांनी आपल्या बाजूची काच हळूच, सभ्यपणे खाली केली.

मागून बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षांत इतक्या मायेने ठेवला नव्हता. आणि टेम्पोच्याही पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “असू द्या हो, वयाप्रमाणे व्हायचंच. उद्यापासून तुमचं तळलेलं बंद. बारा वर्षांत उतार पडतो, बाळला विचारा.”